डिफेन्समधली सप्लायर क्वालिटी: मोजून जे कळत नाही, त्याची राखण

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "सहा वर्षं वाहन उद्योगात सप्लायर क्वालिटी इंजिनिअर म्हणून काम केलं आहे. आता संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत त्याच पदासाठी बोलावणं आलं आहे. काम खरोखर वेगळं असतं का? दिवस कसा जातो? तिथे नुसते कागद सांभाळावे लागतात असं सगळे म्हणतात, ते खरं का?"

पुरवठादारांकडून येणारा माल बरोबर आहे ना हे बघण्याच्या या कामात मी २२ वर्षं आहे. पहिली सहा वर्षं इन्स्पेक्शन टेबलावर आणि इनकमिंगला (आलेल्या मालाच्या तपासणीला) गेली, उरलेली पुरवठादारांच्या शॉपमध्ये. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कागदांबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. कागद भरपूर असतात. पण ते का असतात हे कळलं नाही तर हे काम दोन वर्षांत नकोसं होतं, आणि कळलं तर सोडवत नाही. म्हणून आधी त्या 'का'कडे येतो.

वाहन उद्योगात तुमच्या पाठीशी आकडे असतात. एकाच पार्टचे दिवसाला हजारो नग निघतात, कंट्रोल चार्ट असतो, सीपीके (प्रोसेस मर्यादेत किती नीट बसते याचा आकडा) असतो, आणि काही निसटलंच तर थोड्या महिन्यांत वॉरंटीचा डेटा परत येऊन तुम्हाला जागं करतो. इथे मी वर्षाला १२ नग लागणारे पार्ट सांभाळलेत. १२ नगांवर सीपीके काढता येतो, पण त्यावर विसंबून झोप लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परत येणारी खबर जवळपास नसते. क्षेपणास्त्राचा एखादा भाग बंद डब्यात वर्षानुवर्षं पडून राहतो आणि मग एकदाच, काही सेकंदांसाठी, त्याला काम करायचं असतं. इजेक्शन सीटमधलं काडतूसही तसंच. ते चाललं की नाही हे ज्याला कळतं, तो तक्रार करायला आपल्यापर्यंत येईलच असं नाही.

म्हणून पार्ट बरा आहे याचा पुरावा तो बनत असतानाच गोळा करावा लागतो. नंतर तो मिळत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्याच हातून गेलेल्या एका लॉटचं आहे. उच्च ताकदीच्या पोलादाच्या पिना होत्या, कडकपणा रॉकवेल सी या मापावर ४० च्या वर. मशिनिंग एका पुरवठादाराकडे, कॅडमियम प्लेटिंग त्याने पुढे दिलेल्या दुसऱ्या शॉपमध्ये. आमच्या इनकमिंगला सगळं उत्तम होतं. मापं बरोबर, प्लेटिंगची जाडी बरोबर, पकड बरोबर, कडकपणा बरोबर. सर्टिफिकेटवर लिहिलेलं होतं की बेकिंग १९० अंश सेल्सिअसला २३ तास केलं आहे. मी सही केली. महिनाभराने दुसऱ्याच एका कामासाठी त्या प्लेटिंग शॉपमध्ये गेलो होतो. तिथे प्लेटिंग लाइनची वही आणि ओव्हनचा चार्ट शेजारी शेजारी ठेवून सहज आमचा लॉट शोधला. पिना टाकीतून शनिवारी संध्याकाळी बाहेर आल्या होत्या. ओव्हनचा चार्ट सोमवारी सकाळी सुरू होत होता.

ज्यांना यातली भीती लगेच कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्लात धुताना आणि प्लेटिंग होताना पोलादात हायड्रोजन शिरतो. कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ होतं. अशा पार्टवर सतत ताण आला की काही तासांनी किंवा काही दिवसांनी तो अचानक तडकतो, तेही त्याच्या मूळ क्षमतेच्या बऱ्याच खालच्या भाराला. बेकिंग करून तो हायड्रोजन बाहेर काढायचा असतो आणि स्पेसिफिकेशन सांगतं की प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ते सुरू झालं पाहिजे. उशीर झाला तर आत बारीक चिरा पडलेल्या असू शकतात, आणि पडलेली चीर नंतर कितीही तास भाजलं तरी भरून येत नाही.

त्या सर्टिफिकेटमधलं एकही वाक्य खोटं नव्हतं. बेकिंग झालं होतं, २३ तासच झालं होतं. फक्त वेळेत झालं नव्हतं, आणि सर्टिफिकेटच्या नमुन्यात वेळेचा रकानाच नव्हता. सगळ्या पिना स्टोअरमधून परत घेतल्या, दोन असेंब्लीत बसल्या होत्या त्या काढल्या आणि सगळा लॉट स्क्रॅप केला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्लेटिंग पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर दोन वेळा लिहिलेल्या असतात: टाकीतून कधी काढलं आणि ओव्हन कधी सुरू झाला. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच असावी.

या एका प्रसंगात या कामाचं सार आहे. ज्या गुणांवर माणसाचा जीव अवलंबून असतो, त्यातले बरेचसे पार्ट हातात आल्यावर व्हर्नियरने किंवा सीएमएमने (मापं घेणाऱ्या यंत्राने) कळत नाहीत. हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, ब्रेझिंग, प्लेटिंग, चिकटवलेले जोड, कंपोझिटचं क्युअरिंग, नॉन डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग (एनडीटी, म्हणजे पार्ट न तोडता दोष शोधणं). या क्षेत्रात यांना 'स्पेशल प्रोसेस' म्हणतात आणि तुमचा निम्म्याहून जास्त जीव इथेच अडकलेला असेल. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट हीट ट्रीटमेंटच्या टी-६ अवस्थेत आहे की टी-७३ मध्ये, हे डोळ्यांना दिसत नाही. टी-६ जास्त ताकदीचं, पण जाडीच्या दिशेचा ताण आणि ओलावा एकत्र आले की तडा जाण्याची त्याची खोड आहे. म्हणूनच डिझायनरने ताकद थोडी सोडून टी-७३ मागितलेलं असतं. नुसती हार्डनेस तपासणारा माणूस इथे फसू शकतो, कारण टी-६ चा आकडा वरचा असल्याने किमान मर्यादेची अट तो आरामात पार करतो. सोबत विद्युतवाहकता मोजावी लागते. टी-७३ साठी ती किमान ३८ टक्के आयएसीएस, म्हणजे तांब्याच्या प्रमाणित वाहकतेच्या ३८ टक्के, हवी.

आता कागदांकडे परत येतो.

१० एप्रिल १९६३ ला अमेरिकी नौदलाची थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली आणि आतले १२९ जण गेले. चौकशीत संशयाचं मुख्य बोट समुद्राच्या पाण्याच्या पाइपांमधल्या ब्रेझ केलेल्या जोडांकडे गेलं. असे जोड बाहेरून चांगले दिसत, पण आत मिश्रधातू नीट पसरलाय की नाही हे अल्ट्रासॉनिक तपासणीशिवाय कळत नसे, आणि सगळ्या जोडांची तशी तपासणी झालेली नव्हती. त्याच वर्षी सबसेफ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा गाभा एका शब्दप्रयोगात आहे: वस्तुनिष्ठ गुणवत्ता पुरावा. म्हणजे निरीक्षण, मोजमाप किंवा चाचणीवर आधारलेलं आणि दुसऱ्याला पुन्हा पडताळता येईल असं विधान. "आमचा वेल्डर अनुभवी आहे" हा पुरावा होत नाही. "अमुक जोड, अमुक तारीख, अमुक रीडिंग, अमुक माणसाची सही" हा होतो. १९१५ ते १९६३ या काळात त्या नौदलाच्या १६ पाणबुड्या युद्धाशिवायच्या कारणांनी गेल्या होत्या. त्यानंतर फक्त एक गेली, १९६८ मध्ये स्कॉर्पियन, आणि तिला सबसेफ प्रमाणपत्र नव्हतं. मला कोणी विचारलं की एवढे कागद कशाला, तर मी एवढंच सांगतो.

पण कागदच खोटा असला तर? हा प्रश्न तुम्हाला रोज पडला पाहिजे. नासाचे दोन उपग्रह, २००९ मध्ये ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी आणि २०११ मध्ये ग्लोरी, टॉरस एक्सएल रॉकेटच्या नाकावरचं आवरण वेगळं न झाल्याने गेले. नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर. बऱ्याच वर्षांच्या तपासानंतर २०१९ मध्ये नासाने कारण जाहीर केलं. त्या आवरणाच्या जोडातली अ‍ॅल्युमिनियम एक्स्ट्रूजन ज्या सापा प्रोफाइल्स कंपनीने पुरवली होती, तिने ताकदीच्या चाचण्यांचे निकाल बदललेले होते, तेही १९ वर्षं आणि शेकडो ग्राहकांसाठी. ते शेकडो ग्राहक म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच लोक. त्यांच्या फाइलीत प्रत्येक लॉटचं नीटनेटकं सर्टिफिकेट होतं.

दुसरं प्रकरण मला अधिक अस्वस्थ करतं. पाणबुड्यांसाठी पोलादाची कास्टिंग ओतणाऱ्या एका अमेरिकी फाउंड्रीत १९८५ पासून २०१७ पर्यंत चाचण्यांचे आकडे बदलले जात होते. जबाबदार मेटॅलर्जिस्टने (धातुतज्ज्ञाने) २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. यात पैसे खाल्ल्याचा आरोप नव्हता. उणे १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण उणे ७३ सेल्सिअसला, इम्पॅक्ट टेस्ट करायला लावणं हाच मूर्खपणा आहे, असं त्या व्यक्तीला वाटत होतं. म्हणून काही वेळा नापासच्या जागी पास लिहिलं, असं त्या व्यक्तीने सुचवलं.

हे वाचल्यापासून माझी पुरवठादाराशी बोलण्याची पद्धत बदलली. ड्रॉइंगवरची एखादी अट पुरवठादाराला निरर्थक वाटत असेल, तर तो ती कधी ना कधी मोडणारच, आणि मोडताना त्याला अपराधीही वाटणार नाही. म्हणून मी अट नुसती कळवत नाही, तिचं कारण सांगतो. मला माहीत नसेल तर डिझाइनच्या माणसाला फोनवर घेतो आणि त्याच्याच तोंडून ऐकवतो. ओव्हनवर रात्रपाळी करणाऱ्या ऑपरेटरला हायड्रोजनची गोष्ट कळली, तर चार तासांचा नियम तो स्वतःहून पाळतो. आणि कधी कधी अट खरंच निरर्थक निघते. जुन्या ड्रॉइंगवरून नकलली गेलेली, आज कोणालाच नको असलेली. तेव्हा ती रीतसर बदलून घेणं हेही तुमचंच काम. पुरवठादाराला "जाऊ दे, तेवढं सोड" असं तोंडी कधीही सांगू नका. एकदा तसं सांगितलंत की पुढची कोणती अट सोडायची हे तो स्वतः ठरवायला लागतो.

आता दिवस कसा जातो ते. बरेचसे दोष मशीनवर जन्माला येतच नाहीत, ते पीओमध्ये (खरेदी ऑर्डरमध्ये) जन्मतात. सकाळचा बराच वेळ मी पीओ आणि ड्रॉइंगच्या नोट्स वाचण्यात घालवतो. ग्राहकाने आपल्याला घातलेली अट आपण पुरवठादाराला, त्याने त्याच्या हीट ट्रीटरला आणि त्याने त्याच्या लॅबला कळवली पाहिजे. याला फ्लो-डाउन म्हणतात, आणि तिसऱ्या पायरीला ते हमखास गळतं. मशिनिंगवाला आपल्या हीट ट्रीटरला चिठ्ठी लिहितो, "नेहमीप्रमाणे करा". स्पेसिफिकेशनची आवृत्ती नाही, ताकदीची रेंज नाही, टेस्ट कूपन (चाचणीसाठी सोबत ठेवलेले तुकडे) किती हवेत ते नाही. म्हणून नव्या पुरवठादाराकडे मी पहिल्यांदा काय मागतो, तर त्याने पुढे काढलेल्या पीओची प्रत. त्याच्या क्वालिटी मॅन्युअलपेक्षा तो एक कागद जास्त बोलतो.

तीच गोष्ट मान्यतांची. एएस ९१०० (विमान, अवकाश आणि संरक्षण उद्योगाचं क्वालिटी मानक) सर्टिफिकेट असलं म्हणजे पुरवठादाराकडे व्यवस्था आहे एवढंच कळतं. स्पेशल प्रोसेससाठी नॅडकॅप (या उद्योगाची सामायिक मान्यता) बघावी लागते, आणि तिथेही नुसतं सर्टिफिकेट बघून भागत नाही, स्कोप वाचायचा. एका शॉपकडे एनडीटीची मान्यता होती. स्कोप उघडला तर फक्त पेनिट्रंटची. आमच्या ड्रॉइंगवर मॅग्नेटिक पार्टिकल ही वेगळी तपासणी होती. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. आमच्याकडे ते पान कोणी उघडलंच नव्हतं.

फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन (पहिल्या नगाची पूर्ण तपासणी) तुम्हाला पीपीएपीच्या (वाहन उद्योगातल्या पार्ट मंजुरीच्या पद्धतीच्या) अनुभवामुळे ओळखीचं वाटेल. एएस ९१०२ प्रमाणे त्यात तीन फॉर्म असतात: पहिला पार्ट नंबर आणि त्याच्या उपभागांचा, दुसरा मटेरियल, स्पेशल प्रोसेस आणि फंक्शनल टेस्टचा, तिसरा प्रत्येक मापाचा. नवे लोक तिसऱ्यात बुडतात कारण तो सगळ्यात जाड असतो. मी दुसऱ्यापासून सुरू करतो. मटेरियलच्या सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा क्रमांक), कापणी करताना रूट कार्डवर (नगासोबत फिरणाऱ्या कामांच्या नोंदीवर) लिहिलेला हीट नंबर आणि टेस्ट रिपोर्टवरचा हीट नंबर, हे तिन्ही एक आहेत का? मग ड्रॉइंगच्या नोट्स. बलून ड्रॉइंगवर मापांना नंबर दिलेले असतात, पण "सर्व तीक्ष्ण कडा मोडा" किंवा "मार्किंग अमुक पद्धतीने" अशा नोट्सना कित्येकदा नंबरच नसतो, म्हणजे त्या कोणी तपासलेल्याच नसतात. तिसऱ्या फॉर्ममधली चार-पाच मापं मी स्वतः, शक्यतो वेगळ्या उपकरणाने, घेतो. सगळे आकडे अगदी नॉमिनलला (ड्रॉइंगवरच्या मूळ मापाला) चिकटून आलेले दिसले तर सगळीच मापं पुन्हा घ्यायला लावतो. खऱ्या मशीनचे आकडे थोडे विखुरलेले असतात.

आणि फर्स्ट आर्टिकल एकदाच होतं हा समज सोडा. मशीन दुसऱ्या जागी हलवलं, प्रोग्रॅम बदलला, मटेरियलचा स्रोत बदलला, किंवा दोन वर्षं उत्पादन बंद होतं, तर ते पूर्ण किंवा बदलापुरतं पुन्हा करावं लागतं. डिफेन्समध्ये दोन-तीन वर्षांच्या खंडाने येणारी ऑर्डर ही रोजची गोष्ट आहे. तेवढ्यात तो पार्ट बनवणारा माणूस निवृत्त झालेला असतो आणि फिक्स्चर कुठे आहे ते कोणाला माहीत नसतं. लहान शॉपमध्ये निम्मी प्रोसेस माणसाच्या हातात असते, कागदावर ती कधी उतरलेलीच नसते. अशी ऑर्डर निघाली की मी पहिला नग बनताना तिथे उभा असतो.

शॉपमध्ये उभं राहणं हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. ऑडिट म्हणजे कॉन्फरन्स रूममध्ये बसून प्रोजेक्टरवर प्रोसिजर बघणं, अशी सवय असेल तर मोडा. अ‍ॅल्युमिनियमच्या सोल्यूशन हीट ट्रीटमेंटला भट्टीचं दार उघडल्यापासून पार्ट पाण्यात पूर्ण बुडेपर्यंत किती सेकंद जातात, हे घड्याळ हातात घेऊन बघा. साधारण २.३ मिलिमीटरपेक्षा जाड भागाला १५ सेकंदांची मर्यादा आहे, पातळ भागांना त्याहून कमी. बास्केट वजनदार असेल आणि क्रेन हळू असेल तर ते १५ सेकंद कधी संपले हे कळतही नाही, आणि गंज धरण्याची खोड तिथेच पार्टमध्ये शिरते. हे कुठल्याच सर्टिफिकेटवर दिसत नाही. भट्टीचा टेम्परेचर युनिफॉर्मिटी सर्व्हे (भट्टीत सगळीकडे तापमान सारखं आहे का याची चाचणी) मागा आणि त्यातला सगळ्यात थंड कोपरा कुठला ते विचारा. ज्याला तो कोपरा माहीत आहे, तो माणूस आपली भट्टी ओळखतो. स्क्रॅपचा डबा बघा. रिजेक्ट झालेल्या मालाचा पिंजरा बघा, त्याला कुलूप आहे का, त्यातल्या प्रत्येक नगावर टॅग आहे का. रिकामा पिंजरा दिसला तर मला आनंद होत नाही, प्रश्न पडतो.

लॅबच्या रिपोर्टबाबत एक सवय लावून घ्या. अधूनमधून रिपोर्ट क्रमांक घेऊन थेट लॅबला फोन करा आणि आकडे वाचून ताडून बघा. वर्षातून दोन-तीनदा एखाद्या लॉटचं टेस्ट कूपन स्वतंत्र लॅबकडे पाठवा. पुरवठादाराला हे आधीच सांगून ठेवा, लपवून करू नका. हा अविश्वास नाही, सगळ्यांसाठी सारखा असलेला नियम आहे, हे त्याला पटलं की तोही निवांत राहतो.

माल चुकला की काय होतं, तिथे एक मोठा फरक आहे. माप थोडं बाहेर गेलं तर "चालेल" असं म्हणण्याचा अधिकार पुरवठादाराला नसतो, बहुतेक वेळा तुम्हालाही नसतो. रिवर्क आणि रिपेअर यांतला फरक पक्का करा. रिवर्क म्हणजे पार्ट पूर्णपणे ड्रॉइंगमध्ये परत आणणं. रिपेअर म्हणजे तो वापरण्याजोगा करणं, पण ड्रॉइंगप्रमाणे न होणं. त्याला डिझाइनच्या अधिकाऱ्यांची, आणि कित्येकदा सरकारी क्वालिटी प्रतिनिधीची लेखी परवानगी लागते. पुरवठादाराने भलत्या जागी पडलेलं भोक वेल्डने भरून, घासून, रंगवून पाठवलं, तर तो चांगल्या हेतूने केलेला रिपेअर असला तरी आपल्यासाठी तो विनापरवाना बदल आहे.

चूक झाली की पुरवठादार ती आपल्याला कळवतो का, या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान पुरवठादाराच्या इन्स्पेक्टरचा संध्याकाळी उशिरा फोन आला. आवाज घाबरलेला. कॅलिब्रेशनला पाठवलेला थ्रेड गेज (आटे तपासायचं साधन) खराब निघाला होता आणि मागच्या तीन महिन्यांत त्याच गेजने तपासलेला माल आमच्याकडे आलेला होता. त्याच्या मालकाला अजून माहीत नव्हतं. त्या मिनिटाला माझ्याकडे दोन मार्ग होते. मी ओरडू शकलो असतो, कारण त्यातले काही पार्ट दुसऱ्या दिवशी पाठवायच्या असेंब्लीत होते. मी त्याला म्हणालो, "दादा, बरं केलंत सांगितलंत. आता आधी लॉट नंबर द्या." रात्री अकरापर्यंत आम्ही दोघं यादी करत बसलो. सकाळी मालकाशी मी स्वतः बोललो आणि हेही सांगितलं की त्या माणसाने केलं ते बरोबर केलं. डिस्पॅच थांबलं, प्रोजेक्ट मॅनेजरचा राग सहन केला, सगळे थ्रेड पुन्हा तपासले. थोडेसेच वाईट निघाले. पण त्यानंतर त्या शॉपमधून मला वाईट बातमी नेहमी पहिल्या दिवशी कळली. दुसऱ्या एका पुरवठादाराकडे मी आधी एकदा आवाज चढवला होता. तिथून बातमी नेहमी उशिरा यायची, कधी आमच्याच इनकमिंगला सापडायची. माझ्या हाताखालच्या इंजिनिअरना मी हे दोन्ही प्रसंग सांगतो. ऑडिटमध्ये तुम्हाला पुरवठादाराने दाखवलेलं दिसतं. फोनवर तो तुम्हाला न दिसणारं सांगतो, आणि तो फोन करायचा की नाही हे तुमच्या मागच्या वेळच्या वागण्यावर ठरतं.

करेक्टिव्ह अ‍ॅक्शनबद्दल एवढंच: "ऑपरेटरला प्रशिक्षण दिले" हे मूळ कारण म्हणून स्वीकारू नका. प्रशिक्षण असूनही तो का चुकला, हे विचारा.

इलेक्ट्रॉनिक्स तुमच्या वाट्याला आलं तर नकली पार्टचा विषय वेगळा शिकावा लागेल. विमान किंवा रडार तीस-चाळीस वर्षं वापरात असतं आणि त्यातली चिप काही वर्षांत बंद होते. मग खरेदी विभाग दलालाकडे वळतो आणि तिथे जुन्या बोर्डवरून उकरलेल्या, वरचं छापील घासून नवीन छापलेल्या चिपा मिळतात. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात संशयित नकली पार्टची सुमारे १,८०० प्रकरणं मांडली होती आणि त्यातल्या नगांची संख्या दहा लाखांच्या वर होती. मूळ उत्पादक किंवा त्याचा अधिकृत वितरक सोडून कुठूनही घेतलं तर एक्स-रे, सॉल्व्हंटने पृष्ठभाग पुसून बघणं आणि काही नग उघडून आतली डाय (सिलिकॉनचा तुकडा) तपासणं, हे सगळं आलंच. सोपा उपाय म्हणजे चिप बंद होणार अशी सूचना येते तेव्हाच शेवटची मोठी खरेदी करून ठेवणं. त्यासाठी खरेदी विभागाशी तुमचं बोलणं असावं लागतं.

दडपण कुठून येतं हेही सांगायला हवं. पुरवठादाराकडून कमी आणि स्वतःच्या कंपनीतून जास्त. महिनाअखेरीला माल निघायचा असतो, एक सर्टिफिकेट अपुरं असतं, आणि तीन जण तुमच्या टेबलाभोवती उभे राहून "एवढ्याशासाठी?" असं विचारतात. तेव्हा वाद घालत बसू नका. नेमकं काय अपुरं आहे, ते मिळवायला किती तास लागतील आणि न मिळता पाठवायचं असेल तर कोणाची लेखी परवानगी लागेल, या तीन गोष्टी सांगा. परवानगीवर सही करायची म्हटलं की बहुतेक वेळा ते तास निघतात.

मुलाखतीआधी काय शिकावं? भौमितिक टॉलरन्सिंग तुम्हाला येत असेलच. पीपीएपी आणि एपीक्यूपी (उत्पादनाआधी क्वालिटीचं नियोजन) येत असेल तर त्यांचं या उद्योगातलं मानक, एएस ९१४५, वाचा, भाषा ओळखीची वाटेल. एएस ९१०० मधलं कलम ८.४, बाहेरून घेतलेल्या कामावरच्या नियंत्रणाचं, दोन-तीनदा वाचा. एक स्पेशल प्रोसेस निवडून ती खोलात समजून घ्या. हीट ट्रीटमेंट घेतलीत तर एएमएस २७५० हे पायरोमेट्रीचं (भट्टीचं तापमान मोजण्याचं) स्पेसिफिकेशन सुरुवातीला जड जाईल, पण भट्टीसमोर उभं राहून प्रश्न विचारण्याची हिंमत तेच देतं. मुलाखतीत मी स्वतः उमेदवाराला फक्त एक खराब सर्टिफिकेट देतो आणि दहा मिनिटं गप्प बसतो. तो काय शोधतो ते बघतो.

काही गोष्टी सवयीच्या बाहेरच्या वाटतील. ड्रॉइंग मेलने इकडून तिकडे पाठवता येत नाही, निर्यात नियंत्रणाचे कायदे आड येतात आणि चुकून पाठवलेली एक फाइलही गुन्हा ठरू शकते. शॉपमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून दोषाचं चित्र हाताने वहीत काढायला शिका. सुरक्षा तपासणी पूर्ण व्हायला महिने लागू शकतात. पार्ट नेमका कशात बसतो हे कधी कधी तुम्हालाही सांगत नाहीत. एका बदलाला मंजुरी मिळायला सहा महिने लागले की वाहन उद्योगातून आलेल्या माणसाची चिडचिड होते. माझ्या टीममधले दोन चांगले इंजिनिअर याच कारणाने परत गेले, आणि मला ते चुकले असं वाटत नाही. ज्याला वेगाने सुधारणा करून आलेख वर जाताना बघायचा आहे, त्याचं मन इथे रमणार नाही.

तुम्ही आलातच, तर पहिल्या महिन्यात एक करा. स्टोअरमधून कुठलाही एक तयार पार्ट उचला आणि त्याच्या सीरियल नंबरवरून मागे चालत जा: असेंब्लीची नोंद, इनकमिंगचा रिपोर्ट, प्लेटिंगचं सर्टिफिकेट, भट्टीचा चार्ट, रूट कार्ड, सळी कापल्याची नोंद, आणि शेवटी धातू बनवणाऱ्या मिलचं सर्टिफिकेट. कोणाची मदत न घेता किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. माझा पहिला पार्ट शोधायला मला नऊ दिवस लागले होते आणि साखळी दोन ठिकाणी तुटलेली होती. तुम्हालाही ती कुठेतरी तुटलेली सापडेल. पुरवठादाराकडची पहिली भेट तिथेच ठरवा.